तुह्या वयाले इमा भेटत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संगीताला नाही — आणि बायकोपासून माझं एरवी काहीच लपत नाही, बाहेर चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा तिला माझ्या शर्टावरून कळते. आईबाबांना नाही. आणि जिच्याशी मी असा वागलो तिला तर नाहीच. ती आत्ता पलीकडच्या खोलीत पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे. माझ्या मुलीला मध्येच कसला तरी दम देते आहे. ऐकू येतंय मला.

सुरुवात कुठून करू? मी एक खोटं बोललो. ते एका ओळीचं आहे. तेवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल — एवढंच? लोक काय काय करतात, आणि तुम्ही हे धरून बसलात? म्हणून आधी ती कोण, हे सांगतो.

मोठमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. नाव अनसूया. बाळापूरपासून थोडं आत आमचं गाव, तिथं ती आणि मोठे बाबा शेती करायचे. त्यांना मूल नव्हतं. माझे वडील अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई सरकारी दवाखान्यात नर्स. दोघांच्याही पाळ्या, कधी दिवस, कधी रात्र. मी घरात कुलूपबंद राहू लागलो तेव्हा मोठमाय एक दिवस आली आणि मला घेऊन गेली. विचारलं वगैरे काही नाही. आई अजून सांगते — मी ड्यूटीवरून आले तर तू नव्हतास, तुझे कपडे नव्हते, आणि कोपऱ्यातला तुझा लाकडी ट्रकही नव्हता. मग सातवीपर्यंत मी तिचाच होतो.

ती प्रेमाचं कधी काही बोलली नाही. "जेव" म्हणायची. रागावली तरी "जेव", मी रडलो तरी "जेव". अंबाडीची भाजी आणि भाकर पुढे सरकवली की तिच्या बाजूने विषय संपला. एकदा मी शाळेतून रडत आलो. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागायची आणि ती अंगठा द्यायची, त्यावरून एका पोराने मला चिडवलं होतं. तिने ऐकून घेतलं. संध्याकाळी भांडी आवरून माझी पाटी घेऊन बसली. "काढ इथं माहं नाव," म्हणाली. पुढच्या वेळी सही होती. 'अ' भलामोठा, आणि बाकीची अक्षरं त्याच्या मागे भीत भीत निघालेली. मास्तरांनी ती सही सगळ्या वर्गाला दाखवली होती. तिची सही अजून तशीच आहे.

आता तुम्हाला वाटेल की अशा बाईशी कुणी वाईट कसं वागेल? मलाही तेच वाटायचं.

मी अमरावतीला एका बँकेत आहे. कर्जं, ठेवी, आणि गेली काही वर्षं विमा पण. माझ्या टेबलासमोर रोज कुणी ना कुणी म्हाताऱ्या आईबापांसाठी आरोग्य विमा विचारायला बसलेलं असतं. मी त्यांना नीट सांगतो. हप्ता कमी आहे म्हणून भुलू नका, जुना आजार किती दिवसांनी धरतात ते बघा, बिलातला किती वाटा तुम्हाला भरावा लागेल ते बघा, तुमच्या गावापासून जवळचा कोणता दवाखाना त्यांच्या यादीत आहे ते आधी बघा. बीपी असेल तर बीपी लिहा, साखर असेल तर साखर लिहा, लपवू नका. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. लोक माझ्यावर विश्वास ठेवतात. ठेवावा असंच मी सांगतो — त्यांना.

बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि आम्ही सगळे हादरलो. अमरावती-अकोला, अकोला-अमरावती, रजा संपली, डोकं संपलं. ते घरी आले आणि मी ठरवलं की आता निदान आईचं काढायचंच, आणि बाबांचंही कुणी घेत असेल तर बघायचं. संगीता म्हणाली, "मोठमायचंही काढा ना बरोबर." मोठे बाबा तोवर गेले होते. मोठमाय गावी एकटी होती. संगीता हे अगदी सहज बोलली, पोळी लाटता लाटता. मी म्हणालो, बघतो.

त्या रविवारी मी अकोल्याला आईकडे दिवाणावर सगळी माहितीपत्रकं पसरून बसलो होतो. मोठमाय बाबांना बघायला गावाहून आली होती. तिने विचारलं, हे काय करून राहिला? मी सांगितलं. चांगलं सविस्तर सांगितलं, जसं टेबलावर सांगतो तसं. ती ऐकत होती. तिचं ऐकणं फार छान असतं. ती हात थांबवते. मग म्हणाली, "मंग बाबू, माह्यंबी काढून दे न एक. पैसे मी भरतो. कापसाचे आले हायेत माह्याकडे."

आणि मी म्हणालो, "मोठमाय, तुह्या वयाले इमा भेटत नाही."

हेच ते.

मिळत होता. तिच्या वयाला मिळत होता, माझ्या हाताखाली जे माहितीपत्रक होतं त्यातच मिळत होता. तिची एक तपासणी झाली असती, तिच्या बीपीसाठी काही काळ थांबावं लागलं असतं, हप्ता थोडा जड होता — पण तो तर ती स्वतः भरणार होती. पैशाचा प्रश्नच नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला काही कारण असतं.

मग का? खूपदा विचार केला आहे. त्या कागदावर संपर्कासाठी माझं नाव आलं असतं. माझा फोन नंबर. ती पडली, तिला चक्कर आली, तिच्या छातीत दुखलं, की फोन मला. रजा माझी, धावपळ माझी. बाबांच्या आजारपणात मी जे केलं ते मला पुन्हा एकदा करावं लागेल, याची मला भीती वाटली. आणि मनाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात मी हिशेब केला — हो, हिशेबच — की ती काही माझी आई नाही. तिचे भाचे आहेत अचलपूरला. ते बघतील की. हे मी त्या बाईबद्दल म्हणत होतो, जिने मला उचलून नेताना कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

ती काय म्हणाली? "असं काय? बरं." एवढंच. काहून, असं एकदाही विचारलं नाही. मग उठली आणि चहा ठेवला. मला बिनसाखरेचा, कारण मी नुकताच म्हणालो होतो की वजन वाढतंय.

घरी गेल्यावर संगीताने विचारलं तर मी सांगितलं, मोठमायला नको आहे, तिला असले कागद आवडत नाहीत. संगीता म्हणाली, "असं कसं? मी बोलते." मी म्हणालो, नको, ती चिडते. मोठमाय चिडते! असं मी म्हणालो.

आता यानंतरचं ऐका, कारण मला वाटलं होतं की हे इथेच संपलं.

आमच्या गावात विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी वंदनेनंतर म्हाताऱ्या बायका बसतात. मोठमायचा तिथं मान आहे. तिचा पोरगा बँकेत आहे ना. कुणाचं पासबुक, कुणाची पेन्शन, काहीही अडलं की ती मला फोन लावायची आणि उत्तर ओट्यावर जाऊन सांगायची. तर माझं हे उत्तरही तिने ओट्यावर नेलं. मनात दुःख ठेवून नाही हो, बातमी म्हणून. कुणी फसवायला आलं तर बळी पडू नका, म्हाताऱ्या माणसाले इमा भेटत नाही, आमच्या बाबूनं सांगतलं. माझ्या खोट्याला तिने शहाणपण करून टाकलं.

हे मला कसं कळलं? एका लग्नात गावी गेलो होतो. मांडवात नामदेवबाबा भेटले. हे मोठमायच्या शेजारच्या गंगाबाईचे नवरे. गंगाबाई म्हणजे मोठमायची जिवाची मैत्रीण. नामदेवबाबांनी माझा हात धरून बाजूला नेलं आणि विचारलं, "भाऊ, अनसूयाबाई म्हणते, आपल्या वयाले इमाच भेटत नाही. खरंच का?" मोठमाय माझ्या शेजारीच उभी होती. नवं लुगडं नेसलेली. माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होती की — सांगता येत नाही. मी एवढंच म्हणायचं होतं की नाही बाबा, काही कंपन्या देतात. तेवढ्याने भागलं असतं. पण मग ती काय म्हणाली असती? मी म्हणालो, "हो बाबा, अवघडच असते." नामदेवबाबांनी मान डोलावली. आम्ही जेवायला बसलो. मोठमायने तिच्या पानातला बुंदीचा लाडू माझ्या पानात टाकला.

नंतर सरकारचं ते सत्तरीच्या वरच्यांसाठीचं फुकट उपचारांचं कार्ड आलं. गावात शिबिर होतं. आरोग्य खात्याची आशाताई घरोघर सांगून आली. ओट्यावरच्या बऱ्याच जणी गेल्या, पण मोठमाय गेली नाही, आणि तिच्या शब्दावर गंगाबाई आणि नामदेवबाबाही गेले नाहीत. काहीतरी लुबाडायचा धंदा असन, म्हणे. आशाताईने मला फोन केला — दादा, तुम्ही सांगा, त्या फक्त तुमचंच ऐकतात. मी म्हणालो, हो, रविवारी बोलतो. आणि नाही बोललो. तो रविवार गेला, पुढचाही गेला. फोनवर आमचं बोलणं व्हायचं. पाऊसपाणी, कापूस, माझ्या मुलीची परीक्षा. कार्डाचं जिभेवर यायचं आणि मी गिळायचो. कारण मोठमायने विचारलं असतं, अरे पण तू तर म्हणाला होतास? फक्त एवढ्या एका प्रश्नाला मी घाबरत होतो. बँकेतला सव्वा हात छातीचा माणूस, आणि एका म्हातारीच्या प्रश्नाला घाबरत होतो.

त्या पावसाळ्यात मोठमाय न्हाणीत शेवाळावरून पडली.

तिने कुणाला सांगितलं नाही. लचक भरली म्हणाली. कमरेला फडकं बांधलं, तेल लावलं, आणि खाटेवर पडून राहिली. गंगाबाई भाकर आणून द्यायची. फोनवर माझ्याशी बोलायची मोठमाय, त्या दिवसांतही! आवाज बारीक वाटला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, झोपून उठले रे. गंगाबाईला तिने बजावून ठेवलं होतं, "पोराले सांगू नको. त्याच्या बापाचं आताच झालं हाये. माह्या वयाले इमा नाही, उगा त्याले बुडवून टाकन मी." शेवटी गंगाबाईनेच न राहवून आशाताईला सांगितलं आणि आशाताईने मला.

मी पोचलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. मला बघून पहिलं काय म्हणाली? "जेवला का?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. अकोल्याला नेलं. योजनेत असलेला दवाखाना होता. तिथल्या खिडकीवर आधार कार्ड दिलं, तिच्या बोटाचा ठसा घेतला आणि थोड्याच वेळात तिचं कार्ड तयार झालं. मी इतके दिवस जे टाळत होतो ते इतकं सोपं होतं. स्ट्रेचरवरून ती सगळं बघत होती. "बाबू," ती म्हणाली, "माह्या वयाले त भेटत नोयतं न?"

आलाच तो प्रश्न. ती वेदनेने घामाघूम झालेली, आणि मी तिच्या कपाळावर हात ठेवून उभा. तेव्हा तरी सांगायचं.

"नियम बदलला, मोठमाय."

"कवा?"

"आत्ताच."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. आणि आत नेताना नर्सला सांगत होती की आमचा बाबू बँकेत हाये, नियम बदलला की त्याले पयले कळते.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पडल्या पडल्या आणलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं. मी मान हलवली. आता एक पाय थोडा आखूड पडला आहे, ती वॉकर घेऊन चालते, न्हाणीत जाताना कुणीतरी लागतं. संगीता तिला हक्काने अमरावतीला घेऊन आली. खोटं सांगणार नाही, तिच्या येण्याने घर भरलं. ती इथल्या भाजीवाल्याशी भांडते. वांगी दाबून बघते आणि म्हणते, याले वांगं म्हनतात का? माझी मुलगी तिच्याकडून वऱ्हाडी शिव्या शिकली आहे आणि शाळेत वापरते. मी संध्याकाळी आलो की मोठमाय म्हणते, "जेव." ज्या फोनला मी घाबरलो होतो तो आता येत नाही, कारण ती इथेच आहे, आणि मला त्याचा काही त्रास होत नाही. काहीच नाही. मग मी कशाला भ्यालो होतो?

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, मिलिंद, सख्ख्या मुलानं केलं नसतं तेवढं केलं तुम्ही. मोठमाय मान डोलावते. मी चहा सांगायला आत जातो.

आता राहिलं ते एवढंच.

संक्रांतीनंतर गंगाबाई तिला भेटायला आली. एकटीच, एसटीने. दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ बसल्या. मग गंगाबाईने सांगितलं. दिवाळीनंतर नामदेवबाबांच्या पोटात एकाएकी कळ निघाली. कार्ड नव्हतं, कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं, मिळेल त्या गाडीने मिळेल त्या खासगी दवाखान्यात नेलं. तो योजनेत नव्हता. ते वाचले, बरे आहेत. पण दुभती म्हैस विकावी लागली, आणि नामदेवबाबा तेव्हापासून गोठ्याकडे जातच नाहीत, पुढच्या दाराने ये-जा करतात. गंगाबाई तक्रार करत नव्हती. तिचा तो स्वभावच नाही. बोलता बोलता म्हणाली, "आता काढलं कार्ड. पन आशाताई म्हने, पैसे भरून काढाचा इमा त पयलेबी भेटत होता. आपल्या वयाले भेटत होता म्हने, अनसूयाबाई. नियम काही बदललाच नाही त्याचा."

मी तिथंच होतो. समोरच्या खुर्चीत, हातात पेपर.

मोठमायने गंगाबाईचा हात सोडला नाही. मग म्हणाली, "मंग मीच काही भलतं आयकलं असन, गंगे. बाबू बरोबरच बोलला असन. मले कागदातलं काय समजते? म्या चुकीचं आयकलं आन तुमालेबी तसंच सांगतलं. तुही म्हैस माह्यामुळं गेली." आणि तिने दोन्ही हात जोडले. गंगाबाईपुढे. जिच्याबरोबर तिने सगळी उमर काढली, तिच्यापुढे हात जोडले आणि म्हणाली, "चुकलं माहं."

गंगाबाई म्हणाली, अवो असं काय करतं? आणि स्वतःच रडायला लागली.

नाही, मोठमायला कळलं असेल आणि ती मला झाकत असेल, असं मी मनाशी धरत नाही. तसं धरलं तर मला फार सोपं जाईल. तिला काही कळलेलं नाही. बाबू खोटं बोलेल हे तिच्या डोक्यात येऊच शकत नाही, म्हणून तिने चूक शोधली ती स्वतःत.

तिने वळून माझ्याकडे पाहिलंही नाही. विचारलं नाही — बाबू, तू काय म्हणाला होतास तेव्हा? विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. पण विचारल्यावरच सांगायचं असतं का? मी चार हातांवर बसलो होतो. तोंड होतं मला. ते जोडलेले हात खाली यायच्या आत मला म्हणता आलं असतं — मोठमाय, तू बरोबर ऐकलंस, मीच खोटं बोललो.

मी पेपर घडी करून टेबलावर ठेवला, उठलो, आणि गंगाबाईला म्हणालो, संध्याकाळच्या गाडीला मी सोडून देतो. तिला स्टँडवर नेलं. खिडकीजवळची जागा मिळवून दिली. वाटेसाठी केळी घेऊन दिली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "अनसूयाबाईले सांगजा भाऊ, मनात ठेवू नको म्हना. तिचा काही दोष नाही."

घरी आल्यावर मोठमायने विचारलं, काय म्हणाली गंगा?

मी म्हणालो, काही नाही. नीट गेली.